मोठा सेन्सर की मोठं भिंग?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. सुट्टीच्या दिवशी जांबोटी-कणकुंबीच्या रानात धनेश पक्षी कॅमेऱ्यात टिपायला जाते, बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूकही चुकवत नाही. फोटो शाळेच्या भित्तिपत्रकावर लागतात. मणक्याच्या दुखण्यामुळे जड सामान झेपत नाही, म्हणून मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे लहान सेन्सरचा (उजेड टिपणारा भाग लहान असलेला) हलका कॅमेरा आणि त्यावर 75-300 मिमी झूम भिंग घ्यायचा विचार आहे. भाऊ म्हणतो, मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेमच घे, लहान सेन्सरवर पैसे घालू नकोस. काय करू?

उत्तर : ताई, भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. फुल फ्रेमचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटर, मायक्रो फोर थर्ड्सचा 17.3 बाय 13. क्षेत्रफळात जवळजवळ चौपट फरक. पण फांदीवरच्या धनेशाचा उजेड किती आत शिरतो, ते भिंगाच्या छिद्रावर ठरतं. फोकल लेंग्थला (भिंगावरचा मिमीचा आकडा) त्याच भिंगावरच्या एफच्या आकड्यानं भागा, छिद्राचा व्यास मिळेल. फुल फ्रेमवर 600 मिमी एफ 6.3 म्हणजे 95 मिमी. लहान सेन्सरवर 300 मिमीलाच पक्षी तेवढा मोठा दिसतो. ते भिंग एफ 4 चं असेल तर छिद्र 75 मिमी. उजेड व्यासाच्या वर्गानं वाढतो, त्या हिशेबानं चौपटीचा फरक दीडपटीच्या थोडा वर येऊन थांबतो. मात्र ते भिंग सव्वा किलोच्या पुढे आणि खूप महाग. तुमच्या मनातलं हलकं 75-300 झूम लांब टोकाला एफ 6.7 चं, छिद्र जेमतेम 45 मिमी. तिथं दोन किलोचं 150-600 मिमी झूम लावलेला फुल फ्रेम साडेचारपट उजेड घेतो. दुकानदार हे सहसा सांगत नाहीत.

तरीही माझं मत लहान सेन्सर आणि 75-300 याच बाजूनं आहे. दिवाळीनंतरच्या उन्हात, फळांनी लगडलेल्या उंबरावर बसलेला मलबारी राखी धनेश आयएसओ (उजेड वाढवून घेण्याचा कॅमेऱ्यातला आकडा) 400 वर सुरेख येतो, आणि भित्तिपत्रकाला तेवढं पुष्कळ झालं. मिरगानंतर रानात अंधारतं तेव्हा आयएसओ 3200 च्या पुढे जावं लागतं. मग त्याच्या गळ्यावरच्या फिक्या बारीक रेघा फोटोत विरघळतात. त्या दिवसांत बसलेलाच पक्षी टिपा, उडणाऱ्याच्या मागे लागू नका. दोन किलोचं भिंग दुखऱ्या मणक्यानं घरातच राहणार, हे मला जास्त खुपतं.

मिरवणुकीत मात्र भाऊ खरा. फुल फ्रेमवर 50 मिमी एफ 1.8 हे साधं, स्वस्त भिंग तिथं तुमच्या कॅमेऱ्याला सहज मागे टाकेल. तुम्ही 25 मिमी एफ 1.7 घ्या. चित्ररथांवर दिव्यांचा झोत असतो, आणि देखाव्यातली मुलं स्थिर उभी असतात. शटर 1/125 सेकंदावर ठेवलं तरी काम होतं.

आणखी एक. 75-300 ला पावसापासून संरक्षण नाही, कणकुंबीच्या पावसात ते पिशवीबाहेर काढू नका. आपल्याकडे पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आणि निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या.