१०० वॅटच्या हॅम रेडिओ सेटमागे लिनियर (पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर) लावला की आवाज फाटतो, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरून तक्रारी येतात. ड्राइव्ह, म्हणजे सेटमधून लिनियरला जाणारी पॉवर, किती द्यावा?

समजा, तुमचा लिनियर ५० वॅट ड्राइव्हमध्येच पूर्ण भरतो आणि तुम्ही सेटची पॉवर निम्मी करून चालवता. मीटर ५० दाखवतो खरा, पण बऱ्याच सेटमध्ये एएलसी (पॉवर आपोआप आवरणारी यंत्रणा) जागी होईपर्यंत पहिल्या शब्दाला क्षणभर पूर्ण पॉवर निघून जाते. सुई ते पकडत नाही, शेजारच्याला मात्र खरखर ऐकू जाते. सेट आणि लिनियरच्या मध्ये ३ डीबीचा ॲटेन्युएटर (पॉवर कमी करणारा जोड) टाका आणि सेट पूर्ण पॉवरला चालवा. तो निम्मी पॉवर पोटात घेतो, म्हणून चांगला दणकट घ्या.

लो-पास फिल्टरने हे जाणार नाही. तो हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट लहरी) अडवतो, ही घाण तुमच्याच बँडमध्ये पडते. ड्राइव्ह १ डीबीने उतरवला की तिसऱ्या दर्जाची विकृती (शेजारी पडणारी हीच घाण) साधारण ३ डीबीने उतरते. ४०० वॅटचे ३२० झाले तर समोरच्याला कळतही नाही, मग कशाला ताणायचं?

आणि एक आपल्याकडचं. इथे यावलला केळीचे पंप सुरू झाले की संध्याकाळी माझं व्होल्टेज १९० वर येतं. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या लिनियरचं प्लेट व्होल्टेजही (त्यातल्या व्हॉल्व्हला मिळणारं उच्च व्होल्टेज) त्यासोबत पडतं, आणि सकाळी बरोबर असलेला ड्राइव्ह तेव्हा जास्त ठरतो. मी त्या वेळी आणखी खाली घेतो.