जुन्या कन्सोलला बिनतारी पॅड: वाचकांचे प्रश्न

पॅड, म्हणजे गेम खेळायचा कंट्रोलर, आवडले म्हणून आधी घेतले आणि मग ते गेमच्या कन्सोलला लावायचे कसे, याचा शोध सुरू झाला, असा उलटा क्रम या वेळच्या बहुतेक प्रश्नांत दिसतो. कन्सोलचा पोर्ट कोणता आणि तो पॅडशी कसा बोलतो हे आधी पाहिले, तर निम्मे पर्याय आपोआप गळतात. म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी आम्ही तिथूनच सुरुवात केली आहे.

प्रश्न: सुपर निन्टेंडोसाठी पॅड घ्यायचे आहे. ब्लूटूथमध्ये लॅग येतो, म्हणजे बटण उशिरा पोचते, २.४ गिगाहर्ट्झचेच घ्या, असे सगळे सांगतात. खरे काय?

ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालते, तेव्हा खोक्यावरच्या त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. विक्रेत्याला म्हणायचे असते ते एवढेच, की पॅड आणि कन्सोलच्या पोर्टला लावायचा रिसीव्हर एकाच कंपनीचे आहेत आणि आपापसातल्या खासगी भाषेत बोलतात. अशी जोडी सहसा जलद असते. तिची अडचण वेगळीच: रिसीव्हर हरवला की पॅड शोभेची वस्तू होते. ब्लूटूथ रिसीव्हरला मात्र उद्या दुसरे पॅड लावता येते.

लॅगचा हिशोब नीट समजून घ्या. सुपर निन्टेंडो साधारणपणे दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्रागणिक, एकदा पॅडला विचारतो. आधी १२ मायक्रोसेकंदांचा एक इशारा जातो, मग १६ बिट एकामागून एक वाचले जातात. या प्रश्नाला उत्तर रिसीव्हर देतो, तेही हवेतून शेवटी आलेल्या माहितीवरून. म्हणजे कन्सोल आणि रिसीव्हर यांच्यात जवळपास काहीच उशीर होत नाही. जो काही होतो तो पॅड ते रिसीव्हर या टप्प्यात.

६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. बिनतारी टप्प्यात ४ मिलिसेकंद गेले, तर चारातले सुमारे एक बटण पुढच्या फ्रेमवर ढकलले जाते, बाकीची तीन वेळेत पोचतात. ८ मिलिसेकंद गेले तर जवळपास निम्मी बटणे फ्रेमभर उशिरा. १७ च्या पुढे गेलात की प्रत्येक बटण निदान एक फ्रेम मागे. ५० हर्ट्झच्या कन्सोलवर फ्रेम २० मिलिसेकंदांची असल्यामुळे तिथे हेच आकडे थोडे सुसह्य होतात.

सरासरीपेक्षा सातत्य जास्त मोलाचे. कायम ६ मिलिसेकंद घेणाऱ्या पॅडची बोटांना सवय होते. कधी २ तर कधी १४ घेणाऱ्याची कधीच होत नाही, मग सरासरी कितीही छान असो. चाचणीचे आकडे पाहताना म्हणून सर्वांत वाईट आकडा आधी शोधा.

आणि रिसीव्हर दडवू नका. लोखंडी कपाट, वाय-फाय राउटर, चालू असलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क यांच्याजवळ २.४ गिगाहर्ट्झचा गोंगाट असतो. समोर बसलेल्या माणसाचे शरीरही हा सिग्नल शोषते. कन्सोल कपाटाच्या आतच ठेवावा लागत असेल, तर पोर्टची साधी एक्स्टेंशन वायर लावून रिसीव्हर बाहेर काढा. अधूनमधून बटण ‘खाल्ले’ जाण्याच्या तक्रारीवर हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

प्रश्न: बिनतारी पॅड घेतल्यापासून उडी उशिरा बसते. दोष पॅडचा की माझ्या मनाचा?

बहुतेकदा टीव्हीचा. जुना कन्सोल सपाट टीव्हीला लावल्यावर टीव्ही चित्रावर जी प्रक्रिया करतो, तिलाच पॅडपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागू शकतो. आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. तरी शंका उरली तर मोजा.

सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा फोन घ्या. अंगठा आणि पडदा एकाच चित्रात येतील असा तो ठेवा आणि वीस वेळा उडी मारा. बटण तळाला टेकल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. मग खेळ तोच, टीव्ही तोच, फक्त मूळ वायरचे पॅड लावून पुन्हा वीस वेळा. दोन सरासऱ्यांची वजाबाकी हा तुमच्या पॅडचा खरा लॅग. एक-दोनदा मोजून निष्कर्ष काढू नका. खेळ फ्रेमला एकदाच वाचतो, त्यामुळे एकट्या मापात खेळाच्या एका फ्रेमचा फरक सहज पडतो.

प्रश्न: मेगा ड्राइव्हसाठी सहा बटणांचे बिनतारी पॅड घेतले. दोन-तीन जुन्या खेळांत बटणे भलतीच चालतात. शिवाय हाच रिसीव्हर कमोडोर ६४ या जुन्या संगणकाला लावला तर चालेल का? पोर्ट तर सारखाच दिसतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी, कारण त्यात नुकसान होऊ शकते: लावू नका.

दोन्हीकडे नऊ पिनांचाच पोर्ट असला तरी पिनांची कामे वेगळी आहेत. मेगा ड्राइव्ह ५ व्होल्ट पाचव्या पिनेवर देतो, कमोडोर सातव्या. मेगा ड्राइव्हची सातवी पिन ही पॅडला इशारा देण्याची तार आहे. त्याहून मोठी गोम अशी: कमोडोरची जॉयस्टिक म्हणजे नुसते स्विच, दाबला की तार जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडणारे. मेगा ड्राइव्हच्या पॅडातली चिप मात्र तारेवर स्वतःहून ५ व्होल्ट ढकलते. कमोडोरमध्ये त्याच तारा कीबोर्ड वाचायलाही वापरल्या जातात. एकीकडून चिप तार वर ओढते, दुसरीकडून संगणक खाली, आणि या रस्सीखेचीत संगणकातली सीआयए, म्हणजे या तारा सांभाळणारी चिप, जळू शकते. कमोडोर आणि अटारीसाठी त्याच पोर्टकरता बनवलेला रिसीव्हर वेगळा घ्या.

आता भलत्या बटणांचे. १९८८ चे मूळ पॅड तीन बटणांचे. कन्सोल सातवी पिन वर-खाली करतो आणि त्याप्रमाणे पॅड कधी बी-सी, तर कधी ए-स्टार्ट दाखवते. १९९३ मध्ये आलेले सहा बटणांचे पॅड हेच वर-खाली मोजते. ठरावीक आकडा झाला की तिसऱ्या प्रकारची माहिती, म्हणजे एक्स, वाय, झेड आणि मोड, पुढे करते. काही आधीचे खेळ एका फ्रेममध्ये ही पिन गरजेपेक्षा जास्त वेळा हलवतात. पॅडला वाटते जास्तीची बटणे विचारली, आणि खेळाला भलतेच उत्तर मिळते.

मूळ पॅडावर यावर सोय होती: मोड बटण दाबून धरून कन्सोल चालू करायचा, की पॅड तीन बटणांचे असल्यासारखे वागते. बिनतारी पॅडावर ही युक्ती फसते, कारण रिसीव्हरला वीज कन्सोलकडून मिळते आणि त्या क्षणी पॅड अजून जोडले गेलेलेच नसते. म्हणून खरेदीआधी पुस्तिकेत पाहा, की जोडणी झाल्यावर तीन बटणांच्या अवस्थेत जाण्यासाठी बटणांची जोडी किंवा रिसीव्हरवर स्विच दिला आहे का. तुमच्या पॅडात तसे काही नसेल, तर त्या दोन-तीन खेळांसाठी वायरचे तीन बटणांचे पॅड जवळ ठेवणे बरे.

प्रश्न: निन्टेंडो ६४ ला अ‍ॅडॉप्टरने आधुनिक पॅड लावले. स्टिक जरा हलवली की पात्र धावतच सुटते, हळू चालतच नाही. आणि सेव्हही होत नाही.

निन्टेंडो ६४ च्या मूळ स्टिकचा आकडा सरळ दिशेत साधारण ८० पर्यंत जातो. तार मात्र १२७ पर्यंतचा आकडा नेऊ शकते आणि आधुनिक स्टिक सहज तिथवर पोचते. अ‍ॅडॉप्टरने तो जसाच्या तसा पुढे दिला, तर स्टिक दोन-तृतीयांशही कलायच्या आत खेळाच्या मते ती टोकाला गेलेली असते. हळू चालण्याची जागा चिंचोळी होते ती अशी. अ‍ॅडॉप्टरच्या सेटिंगमध्ये रेंज किंवा स्केलिंग शोधा आणि कमाल मूल्य ८० ते ८५ च्या दरम्यान आणा. त्याच ठिकाणी डेड झोन, म्हणजे मधली जी हालचाल मोजलीच जात नाही ती, शक्य तितका कमी करा. खेळाचा स्वतःचा डेड झोन असतोच. त्यावर अ‍ॅडॉप्टरचा चढला की सुरुवातीला स्टिक मेल्यासारखी वाटते आणि मग एकदम उसळते.

मूळ स्टिकभोवती अष्टकोनी खाच असते, त्यामुळे तिरपी दिशा अंगठ्याला चाचपून कळते. गोल खाचेच्या पॅडावर ते सुख नाही. तिरप्या धावेवर बेतलेले खेळ आवडत असतील, तर अष्टकोनी खाचेचेच पॅड घ्या. स्टिक चुंबकीय, म्हणजे हॉल इफेक्टची, मिळाली तर उत्तम: तिच्यात घासून झिजणारी कार्बनची पट्टी नसते.

सी बटणांचाही विचार करा. मूळ पॅडावरची चार दिशांची चार सी बटणे उजव्या स्टिकवर टाकली की कॅमेरा फिरवायला ठीक, पण एखाद्या खेळात सी बटण ए बरोबर किंवा झटपट पाठोपाठ दाबायचे असेल तर अंगठा कमी पडतो. उजव्या अंगठ्याखाली सहा बटणे असलेले पॅड इथे खरे उपयोगी.

आता सेव्ह. काही खेळ काडतुसातच, म्हणजे खेळाच्या कार्ट्रिजमध्येच, सेव्ह करतात, त्यांना पॅडशी देणेघेणे नाही. बाकीचे कंट्रोलर पॅक मागतात. ते ३२ किलोबाइटचे कार्ड मूळ पॅडच्या पोटात बसायचे. तुमच्या अ‍ॅडॉप्टरला ना तशी खाच असेल, ना तो स्वतः पॅक असल्याची बतावणी करत असेल, तर सेव्ह होणार नाही. बतावणी करणारे अ‍ॅडॉप्टर मिळतात. घेताना दोन गोष्टी विचारा: वीज गेल्यावर मेमरी टिकते का, आणि कंपन व पॅक दोन्ही एकाच वेळी चालतात का. मूळ पॅडात दोघांना एकच खाच होती, त्यामुळे खेळाच्या मधोमध अदलाबदल करावी लागे.

प्रश्न: डी-पॅडवर, म्हणजे दिशांच्या बटणावर, डावीकडे दाबले की अधूनमधून वरचेही लागते. मारामारीच्या खेळात वैताग येतो. पॅड बदलू का?

आधी उघडा. डी-पॅडखाली रबराची चकती असते आणि तिच्या चार काळ्या गोळ्या सर्किटवरच्या संपर्कांना टेकतात. मधला आधार बुटका किंवा गोळ्या फार जवळ असल्या, की एका बाजूला दाबताना शेजारचीही टेकते. लांबचा उपाय म्हणजे नवे पॅड, जवळचा म्हणजे चिकटपट्टी. उष्णतारोधक पिवळी पातळ पट्टी सर्वांत बरी, साधी इलेक्ट्रिकची पट्टीही चालते. प्रत्येक संपर्काच्या ज्या कडा शेजारच्या दिशेकडे असतात, तेवढ्याच कडांवर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा तुकडा लावा. मधला भाग उघडा राहिला पाहिजे. एका वेळी एकच कड झाका आणि पॅड जोडून तपासा. जास्त झाकलेत तर तिरपी दिशाच लागेनाशी होईल आणि गोल फिरवण्याच्या चाली चुकतील. बॅटरीचा जोड सर्किटवरून सुटा होत असेल तर उघडल्या उघडल्या काढा.

पॅड अजून घेतलेच नसेल तर ही कसोटी लावा: बटणांची चाचणी दाखवणाऱ्या पडद्यावर अंगठा डावीकडून खाली आणि उजवीकडे सलग दहा वेळा फिरवा. प्रत्येक वेळी पाचही टप्पे (डावे, डावे-खाली, खाली, खाली-उजवे, उजवे) दिसले पाहिजेत. नंतर फक्त डावीकडे जोरात दाबून अंगठा किंचित वर-खाली डोलवा. तिथे दुसरे काहीही उमटता कामा नये.

प्रश्न: फॅमिकॉमला एनईएसचा, म्हणजे त्याच कन्सोलच्या जपानबाहेरच्या आवृत्तीचा, रिसीव्हर बसत नाही.

बसणार नाही. १९८३ च्या फॅमिकॉमला दोन्ही पॅड कायमचे जोडलेले होते. बाहेरचे काही लावायचे तर समोरचा १५ पिनांचा विस्तार पोर्ट, आणि रिसीव्हरही त्यासाठीचाच हवा. १९९३ च्या एव्ही फॅमिकॉमला मात्र एनईएसचाच सात पिनांचा पोर्ट आहे.

प्रश्न: प्लेस्टेशन २ वर बिनतारी पॅड छान चालते, पण एका खेळात हळू वेग देता येत नाही. ड्रीमकास्टसाठी काही वेगळे पाहावे लागेल का?

ड्युअलशॉक २ ची बहुतेक बटणे दाब ओळखतात: हलके दाबले तर कमी, जोरात दाबले तर जास्त. आजच्या बहुतेक पॅडांची बटणे फक्त चालू-बंद समजतात. काही अ‍ॅडॉप्टर ट्रिगरचा ओढ-दाब एखाद्या बटणाला नेमून देऊ देतात. गाडीच्या खेळांत तेवढ्याने काम भागते. ज्या खेळात हळूच बटण सोडणे ही स्वतंत्र कृती आहे, तिथे मूळ पॅडला पर्याय नाही.

ड्रीमकास्टचे मेमरी कार्ड, म्हणजे व्हीएमयू, पॅडमध्येच बसते, तेव्हा निन्टेंडो ६४ च्या सेव्हबद्दल वर लिहिले तेच इथे विचारा. दुसरे म्हणजे, ड्रीमकास्ट चालू असताना रिसीव्हर घालू-काढू नका. पोर्टच्या पट्टीवर एफ१ नावाचा फ्यूजसारखा रेझिस्टर असतो. तो गेला की चारही पोर्ट एकदम गप्प होतात आणि लोक नव्या पॅडला दोष देत बसतात.

प्रश्न: ईएसपी३२ ही ब्लूटूथची चिप घेऊन तिच्यावर ब्लूरेट्रो हे सॉफ्टवेअर टाकून स्वतःच रिसीव्हर बनवायचा आहे. कोणता बोर्ड घेऊ?

मूळ ईएसपी३२. नावात एस३ किंवा सी३ असलेल्या चिपना जुने, म्हणजे क्लासिक ब्लूटूथ येत नाही, आणि बरीच पॅडे तेच वापरतात. नवा क्रमांक दिसला म्हणून चांगला समजून घेणारे इथे हमखास फसतात. या चिपच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. निन्टेंडो ६४ ला ते जुळते. एनईएस आणि मेगा ड्राइव्ह ५ व्होल्टवर बोलतात, तिथे मध्ये व्होल्टेज बदलणारा भाग घाला. सेटिंग ब्राउझरमधून ब्लूटूथने होते, त्यासाठी क्रोमसारखा ब्राउझर लागेल. फायरफॉक्समध्ये ती सोयच नाही.

प्रश्न: पॅड सहा महिने कपाटात होते, आता चार्जच होत नाही.

लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी होऊन तशीच पडून राहिली, की तिच्यातले संरक्षक सर्किट तिला बंद करते. साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला अर्धा तास लावून पाहा. पॅडचे दोन भाग शिवणीवर फाकलेले दिसत असतील तर तेही करू नका: बॅटरी फुगली आहे, ती बदलायचीच. पुढच्या वेळी अर्धी चार्ज करून ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा पाहा. पेन्सिल सेलवर चालणारे पॅड असेल तर ठेवण्याआधी सेल काढून घ्या.