आधी वॉच फाइल, मग बाकीचं
डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममधलं पॅकेज नव्या आवृत्तीवर नेण्याचं सगळं काम एकदम ऑटोमॅटिक करायच्या मागे लागू नकोस. मूळ सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या कुठे शोधायच्या हे सांगणारी 'डेबियन/वॉच' फाइल आधी नीट लिही. ती वाचूनच 'यूस्कॅन' हे साधन नवी आवृत्ती शोधतं, टारबॉल (सोर्स कोडची एकत्र बांधलेली फाइल) उतरवतं. मूळ लेखक टारबॉलवर डिजिटल सही करत असतील तर ती तपासायची त्यांची सार्वजनिक किल्ली पॅकेजमध्ये ठेव आणि वॉचमध्ये पडताळणीचा पर्याय घालच. सही जुळली नाही तर काम तिथेच थांबेल, आणि थांबायलाच हवं! म्हापशात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा बिल्ड, म्हणजे कोडपासून पॅकेज बनवण्याचं काम, घरच्या मशीनवर सोडू नकोस; साल्सा या डेबियनच्या कोड-सर्व्हरवरची सीआय (आपोआप चालणारी तपासणी यंत्रणा) बिल्ड, लिंटियन (पॅकेजमधल्या चुका शोधणं), ऑटोपीकेजीटेस्ट (तयार पॅकेजची चाचणी) सगळं तिकडेच करते. चेंजलॉग आणि लायसन्स मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाच. डेबियनमध्ये अपलोडचा अधिकार मिळेपर्यंत स्पॉन्सर, म्हणजे पॅकेज तपासून तुझ्या वतीने अपलोड करणारा, लागेल. पॅकेज तयार झालं की मला दाखव.