वाचकांचे प्रश्न : डबे वेगवेगळे, शरीर एकच

प्रश्न : काटोलला आमची कपाशी आहे, फवारणी वडील करतात. इकडे घरी रोज रात्री कॉइल लागते. भाजीवर औषधाचा अंश असतोच. प्रत्येक गोष्ट मर्यादेत असेल, पण सगळं मिळून काय होतं?
– एक वाचक, मानकापूर, नागपूर

उत्तर : मर्यादा बहुतेक एकेका रसायनाची ठरते. एकाच अवयवावर सारखंच काम करणारी तीन द्रव्यं आपापल्या मर्यादेच्या ४० टक्के अंगात गेली, तर हिशेब १२० टक्क्यांचा होतो. २००२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी वागणारी आठ रसायनं एकेकटी परिणाम दिसणार नाही इतक्या कमी प्रमाणात घेतली. एकत्र करताच परिणाम दिसला. प्रयोग यीस्टच्या पेशींवरचा होता, माणसांवरचा नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

कधी साध्या बेरजेपेक्षाही जास्त होतं. प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के हे दोन कीटकनाशकांचं तयार मिश्रण कपाशीवर सर्रास मारतात. सायपरमेथ्रिनचा निचरा करणाऱ्या शरीरातल्या एन्झाइमला प्रोफेनोफॉस अडवून धरतं, म्हणून सायपरमेथ्रिन अंगात जास्त वेळ टिकतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वेळी डोक्याइतकी वाढलेली कपाशी आणि मिश्रणांचा वापर, दोन्हींची बरीच चर्चा झाली होती.

म्हणून काळजी आधी वडिलांची. तयार मिश्रणात मनाने तिसरं औषध घालू नये. वारा पाठीवर घेऊन, सकाळीच फवारावं. हातमोजे नायट्राइल रबराचे हवेत. कापडी मोजे औषध शोषून कातडीला लावूनच ठेवतात. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. खूप घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा घेऊनच दवाखाना गाठा. लेबल पाहिलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

कॉइल मात्र सरळ बंद करा. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याची मोजणी आहे. मच्छरदाणी लावा. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतल्या भिंती ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतींना चिकटतात, नुसतं पाणी ओतून टाकल्याने जात नाहीत.

भाजी-फळांसाठी लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खायचा सोडा घालून १५ मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्याने धुवा. सफरचंदांवरच्या चाचणीत सालीवरचं औषध यानं चांगलं निघालं. आत मुरलेलं निघत नाही.

प्रश्न : संडास धुताना ॲसिड आणि ब्लीच एकत्र टाकलं तर जास्त चकाकतो का?

उत्तर : क्लोरीन वायू निघतो. टाकलंच असेल तर ओतत बसू नका, आधी बाहेर पडा. दार-खिडक्या उघड्या ठेवा. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा.