फायनाइट एलिमेंटच्या (वस्तूचे छोटे तुकडे पाडून स्ट्रेस काढण्याच्या पद्धतीच्या) टू-डी मॉडेलला लोड आणि सपोर्ट देताना

सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’, म्हणजे समीकरणांना एकच ठाम उत्तर नाही, म्हणून अडला की मेशच्या, म्हणजे तुकड्यांच्या जाळीच्या, मागे लागू नका, आधी सपोर्ट (मॉडेल कुठे बांधलंय) बघा. टू-डी मॉडेल तीन प्रकारे मोकळं सुटतं: एक्समध्ये सरकतं, वायमध्ये सरकतं आणि फिरतं. हे तिन्ही अडवा. नवखे मात्र घाबरून गरजेपेक्षा जास्त बांधून टाकतात.

मधोमध गोल भोक असलेली, एक्स दिशेने ओढलेली रुंद पट्टी घ्या. वरचा उजवा पाव भागच काढा. डाव्या कडेला फक्त एक्समधलं सरकणं शून्य, खालच्या कडेला फक्त वायमधलं शून्य. बस्स. डाव्या कडेला वायही बांधलात तर पट्टीला आकसायला जागाच उरत नाही आणि खोटा स्ट्रेस दिसतो. भोकाचा काठ मोकळाच ठेवा. तिथला सगळ्यात जास्त स्ट्रेस ओढीच्या स्ट्रेसच्या साधारण 3 पट आला पाहिजे.

लोड एका नोडवर (मेशच्या एका बिंदूवर) देऊ नका, कडेवर पसरा. नोडवर दिलात तर मेश बारीक कराल तसा तिथला स्ट्रेस वाढतच जातो.

रन झाल्यावर:
- रिॲक्शनची (सपोर्टवर येणाऱ्या उलट बलांची) बेरीज लोडइतकी आहे ना? हे दर वेळी, न चुकता.
- प्लेन स्ट्रेसमध्ये (पातळ पट्टीसाठीचा पर्याय, जाडीच्या दिशेने स्ट्रेस शून्य) जाडी भरलीत ना?
- मिमी आणि न्यूटन वापरलेत तर स्ट्रेस मेगापास्कलमध्ये येतो.

काँटॅक्ट (दोन भाग एकमेकांना टेकणं), नॉन-लिनिअर (लोडच्या सरळ प्रमाणात न वाढणारं वागणं) सध्या राहू द्या. ही पट्टी जमली की आकडे टाका, मी बघतो.