क्लेरिह्यू म्हणजे काय? गायक-वादकांवर मराठीत जमेल का?

जमेल की! एडमंड क्लेरिह्यू बेंटली या इंग्रज लेखकाचा हा चार ओळींचा खेळ. पहिल्या ओळीत माणसाचं नाव, यमक दोन-दोन ओळींचं, वृत्त मुद्दाम लंगडं. आपली वात्रटिका चिमटा काढते, हा नुसती गुदगुली करतो.

पंडित भीमसेन जोशी
गुरू शोधत फिरले देशोदेशी;
तिकिटाविना गाडीत बसले,
तान ऐकून टीसी फसले.

(लहानपणी घर सोडल्यावरचा हा किस्सा प्रसिद्धच आहे. 'फसले' मात्र यमकासाठी!)

लुडविग व्हान बीथोव्हन
कॉफीच्या बिया मोजी साठ, कमी नको एक की दोन;
सिम्फनी लिहून झाल्या नऊ,
दहावीला म्हणे, 'आधी कॉफी पिऊ!'

नाव जितकं अडचणीचं, तितकी मजा जास्त. झाकीर हुसेन यांच्यावर मी अजून अडकलोय.