इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोक समलिंगी व्यक्तींचा द्वेष करतात का?

अमेरिकेतील इव्हँजेलिकल ख्रिस्ती, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट, समलिंगी लोकांचा द्वेष करतात हे खरे का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः प्रोटेस्टंट मंडळीत (चर्चमध्ये) वाढलो आहे, आणि ‘द्वेष’ या एका शब्दात याचे उत्तर मावत नाही असे मला वाटते.

समलिंगी संबंध हे पाप आहे, ही त्यांची भूमिका पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) मोजक्या वचनांवर उभी आहे. लेवीय १८:२२ आणि रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय ही त्यांतली प्रमुख. आकर्षण वाटणे हा मोह आणि तसे संबंध ठेवणे हे पाप, असा भेद बरेच पाळक (मंडळीचे धर्मगुरू) करतात. मात्र राजकारणात हा भेद टिकला नाही. १९७७ मध्ये फ्लोरिडातील डेड काउंटीत नोकरी व घर देताना समलिंगी व्यक्तींशी भेदभाव करण्यास मनाई करणारा नियम बॅप्टिस्ट गायिका अनिता ब्रायंट यांच्या मोहिमेने मतदानातून रद्द करवला, आणि तोही ‘आपली मुले वाचवा’ अशी हाक देऊन. याला मी अन्यायच म्हणेन, कारण पाप कशाला म्हणावे हा मंडळीचा प्रश्न असला, तरी कोणाला भाड्याने घर मिळावे हा नाही.

दुसरी वाट प्रेमाची म्हणून निघाली होती. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही संस्था प्रार्थना आणि समुपदेशन यांच्या बळावर माणसाचे समलिंगी आकर्षण बदलू शकते असे सांगत असे, आणि त्या आशेवर अनेकांनी आयुष्याची उमेदीची वर्षे स्वतःशी झगडण्यात घालवली. अखेर तिचे अध्यक्ष ॲलन चेंबर्स यांनी, भेटलेल्यांपैकी बहुतेकांचे आकर्षण बदललेच नाही, असे कबूल केले आणि जून २०१३ मध्ये जाहीर क्षमा मागून संस्था बंद केली. लैंगिकतेविषयीच्या आपल्या शास्त्राधारित श्रद्धेबद्दल मात्र त्यांनी क्षमा मागितली नाही. म्हणजे उपाय खोटा ठरला, तरी समलिंगी संबंध हे पाप आहे हे मूळ निदान मागे घेतले गेले नाही. आजचा सगळा वाद मला तिथेच अडलेला दिसतो.

त्यानंतर वाटा फुटल्या. टोनी कँपोलो यांच्यासारख्या ज्येष्ठ उपदेशकाने २०१५ मध्ये समलिंगी जोडप्यांना मंडळीत पूर्ण स्थान देण्यास पाठिंबा दिला; उलट परंपरावादी इव्हँजेलिकल नेत्यांनी लैंगिकतेविषयी काढलेल्या २०१७ च्या ‘नॅशव्हिल निवेदना’च्या दहाव्या कलमाने, या विषयावर विश्वासू ख्रिस्ती लोकांत मतभेद असू शकतात, हेच नाकारले. अशा मंडळीतील समलिंगी तरुणाला पाळक कितीही मायेने वागवोत, ‘तुम्ही चुकत असाल’ असे म्हणण्याची जागा त्याला उरत नाही.